धुळ्यातला माड

"नाना, फोन जरा वर धरा ना. नुसता बुंधाच दिसतोय."

तोतारामने फोन वर धरला आणि धरता धरता अंगठा कॅमेऱ्यावर सरकवला.

"आता तर सगळं काळंच झालं!"

"या मोबाईलचं काही खरं नही, पुनम. भूषण आला का तो दाखवीन तुले."

"बरं. पण झाड कसं आहे? इथं टीव्हीवर सांगत होते, धुळ्याचा पारा फार उतरलाय म्हणून."

"झाड ना? झाड एकदम झकास हाये," तोताराम म्हणाला, आणि म्हणताना त्याने झाडाकडे पाठ केली. झाडासमोर खोटं बोलायची त्याला लाज वाटली.

पुनम म्हणजे त्याची सून, मुलगा भूषणची बायको. बाळंतपणासाठी माहेरी, गुहागरच्या बाजूला गेलेली. फोन बंद होण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात नातीचं एक पाऊल हललं, लोकरीच्या मोज्यातलं. मग तेही गेलं आणि तोताराम धुळ्याच्या देवपुरातल्या त्या लहानशा अंगणात नारळाच्या झाडासमोर उभा राहिला. झाड त्याच्यापेक्षा हातभर उंच होतं. बाहेरच्या झावळ्या थंडीने करपल्या होत्या, त्याचं त्याला एवढं काही नव्हतं. पण मधलं मिटलेलं पान, जे सरळ वर येतं आणि मग उमलतं, ते काल हिरवं होतं आणि आज चहाच्या रंगाचं झालं होतं.

तोताराम भंगाळे हा मुळातच घाबरट माणूस. हे त्याला स्वतःलाही मान्य होतं. फैजपूरला असताना समोरून एसटी येताना दिसली की हा सायकलसकट शेतात उतरायचा; ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची तसदीही पडायची नाही. कुत्र्यांना तो भ्यायचा, विजेच्या खांबांना भ्यायचा, दवाखान्यातल्या सुईला तर इतका भ्यायचा की नर्सबाई आधी त्याला डोळे मिटून घ्यायला लावत. पण या सगळ्या किरकोळ भीत्या. खरी भीती थंडीची. कापूसवाला माणूस अवेळच्या पावसाला भितो, तसा केळीवाला थंडीला. थंडीचा चरका बसला की उभी बाग पिवळी पडते, पानं वरच्या वर अडकतात आणि घड पोसत नाही. डिसेंबर लागला की तोताराम पहाटे घराबाहेर येऊन हवेत तोंडाची वाफ सोडून बघायचा. वाफ जाड दिसली की त्याचा दिवस गेला.

थंडीच्या या भीतीला आणखी एक कारण होतं, आणि ते तो कोणाला सांगत नसे. भूषणच्या आधी त्याला एक मुलगी झाली होती. ती तान्ही असताना अशीच लाट आली. तोताराम पहाटेपासून बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करीत बसला, विहिरीचं कोमट पाणी केळीला देत राहिला. घरी मुलीची छाती भरली होती. बायकोने, पुष्पाबाईने, निरोप पाठवला, तेव्हा हा म्हणाला, एवढी एक ओळ धरतो आणि येतो. तो आला तोवर उशीर झाला होता, आणि जळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नाही. बाग मात्र वाचली. गावातले लोक भेटायला आले ते जाता जाता म्हणून गेले, "तोताराम, बाग बाकी तू राखली हां." ते चांगल्या मनानेच म्हणाले होते. त्यानंतर थंडीच्या दिवसांत त्याने कोणाचंही तान्हं मूल हातात घेतलं नाही. भूषणलासुद्धा त्याने पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते उन्हाळा लागल्यावर.

पुष्पाबाई गेल्यावर शेत पुतण्याच्या ताब्यात देऊन तो धुळ्याला भूषणकडे राहायला आला. भूषणला इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी होती. पुनमची आणि त्याची ओळख पुण्याची. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी जाऊन आली, तेव्हा एसटीतून सबंध रस्ता मांडीवर नारळाचं रोप घेऊन आली.

"धुळ्यात नारळ?" भूषण हसला होता. "अगं, इथे माणसं कशीबशी जगतात."

"जगेल. मी जगतेय ना?" पुनम म्हणाली.

तीही हसतच म्हणाली होती, पण तोतारामने ते वाक्य मनात ठेवलं. रोप सासऱ्या-सुनेने मिळून लावलं. तिने खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं तेव्हा तोताराम "आवो, काय करू राह्यली तू!" म्हणून ओरडलाच. आमच्याकडे असंच करतात, ती म्हणाली. ती त्याला नारळ म्हणायची नाही, माड म्हणायची. झाडाची पहिली झावळी वाळली तेव्हा तिने ओट्यावर बसून तिचे हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या, सोलले आणि अंगण झाडायला खराटा बांधला. शेजारच्या भिकुबाई खास तो खराटा बघायला आल्या, आणि पुनमला त्या दिवशी इतका आनंद झाला की तिने सगळ्यांना दोनदा चहा केला. तोतारामची मुलगी जगली असती तर साधारण एवढीच असती. हे तो बोलला नाही, पण रोज सकाळी त्याच खराट्याने अंगण तोच झाडायचा.

बाळंतपणाला गेली ती मात्र भांडून. आदल्या संध्याकाळी घरात आवाज चढले, आणि ओट्यावर बसलेल्या तोतारामला सगळं ऐकू आलं. तिला पुण्याला परत जायचं होतं. इथे माझं कोण आहे, तू सकाळी जातोस तो दिवेलागणीला येतोस, आल्यावरही बोलत नाहीस, ती म्हणत होती. "मग जा," भूषण म्हणाला. "जाते. आणि परत येईनच असं समजू नकोस," ती म्हणाली. सकाळी गेटपाशी ती तोतारामच्या पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "नाना, माझा माड सांभाळा. थंडीत जपा त्याला."

तोतारामने ते शब्द घट्ट धरले. ज्याचं झाड इथे आहे ते माणूस परत येणार. पुढे मुलगी झाली, बारसं झालं. भूषण जाऊन आला, पण आल्यावर त्याने धड दोन वाक्यं सांगितली नाहीत. केव्हा आणायचं विचारलं की तो विषय बदलायचा आणि फोनवर पुनमही बदलायची. त्यामुळे तोतारामच्या डोक्यात उलटा हिशेबही पक्का झाला: झाड गेलं की ती येणार नाही. असं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. पण भीतीने एकदा ठरवलं की ते कोणाच्या बापाला मोडता येत नाही.

तर आता ते पान चहाच्या रंगाचं झालं होतं.

त्याला येत होतं तेवढं सगळं त्याने केलं. पहाटे उठून अंगणाच्या कोपऱ्यात ओलं गवत पेटवून धूर केला. बोअरचं कोमट पाणी बुंध्याला दिलं. झाडाला बारदान गुंडाळलं, आणि बारदानाने समाधान होईना म्हणून वरून आपला लोकरीचा धुसाही बांधला.

"नाना, काय जाळी राह्यनात?" भिकुबाई पदराने डोळे पुसत कुंपणापाशी आल्या. "बठ्ठा धूर मना घरमा भरी गया!"

"झाडाले ऊब देतो, बाई. लय थंडी हाये."

"झाडले कसानी थंडी? थंडी माणूसले लागस!" भिकुबाई म्हणाल्या. "आनि तुम्ही सोता उघडा फिरी राह्यनात. धुसा झाडले दिना का?"

बडबडत त्या आत गेल्या आणि येताना परसातल्या ओल्या गवताचा भारा आणून कुंपणावरून टाकून गेल्या.

पण दुसऱ्या सकाळी मधलं पान निम्म्यापर्यंत काळपट पडलं होतं. आणि इथेच तोतारामने ती चूक केली, जी केळीच्या बागेत जन्म गेलेला माणूसच करू शकतो. थंडीने पान वर अडकलं की केळीचं डोकं उडवायचं. विळ्याचा एकच घाव. संध्याकाळपर्यंत कापलेल्या जागेच्या मधोमध नवं पान डोकं काढतं, ताजं आणि गुंडाळलेलं. हे त्याने आयुष्यात इतक्यांदा पाहिलं होतं की त्याबद्दल विचार करायची गरजच वाटली नाही. पुनमने बघायच्या आत नवं पान यायला हवं होतं. त्याने स्टूल घेतलं, विळा घेतला, आणि मधला तो सगळा झुबका खालपासून साफ उडवला.

कापल्यावर त्याला हायसं वाटलं. कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवला.

संध्याकाळी तो स्टुलावर चढला. कापलेली जागा होती तशीच होती. केळीपेक्षा नारळ आळशी असेल, त्याने स्वतःला समजावलं. सकाळी पुन्हा चढला. मग चढतच राहिला. भूषण कामावर गेला की चढायचा, भिकुबाई भाजी आणायला गेल्या की चढायचा. कोणी पाहिलं तर विचारील याचीही त्याला भीती वाटू लागली.

"नवीन पान आलं का हो?" पुनमने फोनवर विचारलं.

"येऊ राह्यलं," तोताराम म्हणाला. तोंडून निघून गेलं.

"खरंच? मग उमललं की फोटो पाठवा मला. थंडी ओसरली, पान उमललं, की येईन म्हणते."

इतके दिवस जी गोष्ट फक्त त्याच्या मनात होती, ती तिने तिकडून आपण होऊन बोलून दाखवली होती.

भिकुबाईंना एव्हाना सगळं कळलंच होतं. "त्याच जागे दुसरं लाई द्या ना, नाना. तिले काय समजनार शे?" त्या म्हणाल्या. तोताराम खरोखरच सोनगीरच्या रस्त्याला एका रोपवाटिकेपर्यंत जाऊन आला. तिथे उंच वाढलेली नारळाची रोपं होती. एकासमोर तो बराच वेळ उभा राहिला, त्याच्या पानांना हात लावून पाहिला, आणि तसाच परत फिरला. नारळाच्या बागेत वाढलेल्या पोरीला आपला माड ओळखू येणार नाही, असं समजण्याइतका तो खुळा नव्हता.

घरी येऊन तो स्टुलावर चढला आणि यावेळी त्याने कापलेल्या जागेत बोट घातलं. बोट आत गेलं. आत मऊ होतं, ओलं होतं आणि वास येत होता. तो खाली उतरला, हात धुतले, पुन्हा धुतले. फार वर्षांपूर्वी बागेतून घरी धावत येताना दारात जमलेल्या बायका लांबून दिसल्या होत्या, तेव्हाही त्याला असंच न सांगता सगळं कळलं होतं. आता आणखी खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नाही. त्याने फोन घेतला. पुनमला त्याने आपणहून कधी फोन लावला नव्हता, नेहमी तीच करायची.

"नाना? काय झालं? बरे आहात ना?"

"पुनम, मी तुले खोटं सांगलं. नवं पान नही आलं. झाडाचं डोकं कापलं मी."

"कापलं म्हणजे?"

"रोज धूर केला, तरी मधलं पान खराब झालं व्हतं. आमच्या केयीचं तसंच करता. कापलं का खालून नवं येते. मले वाटलं..."

बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला.

"नाना, माडाला एकच कोंब असतो," ती हळू म्हणाली. "तो गेला की माड गेला."

"हो. समजलं आता मले."

"मग इतके दिवस तुम्ही तो धूर करताय ते..."

"आजबी केला."

"कशाला पण?"

"मले दुसरं काही येत नही, माय," तो म्हणाला.

"ठेवते, नाना," ती म्हणाली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. रोज वाजणारा फोन वाजेनासा झाला. तोताराम तो खिशातून काढून बघायचा, बंद तर पडला नाही ना म्हणून भिकुबाईंना मिस्ड कॉल द्यायला लावायचा. वाजायचा तो. बंद पडला नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिला सांगायला?" भूषण जेवताना म्हणाला. "तिला न यायला निमित्तच पाहिजे होतं. ते तुम्ही दिलंत."

तोतारामने मुलापुढे कधी आवाज चढवला नव्हता. मुलाच्या रागालाही तो भ्यायचाच. आता मात्र तो बोलला.

"निमित्त मी देलं. पन भांडन कोनाचं व्हतं? तू काय करू राह्यला? फोन करतो, ती उचलते, तू गप्प बसतो. मी बाहेर धूर करत बसलो तसाच तूबी बाहेरच बसेल हाये."

"नाना, तुम्हाला यातलं..."

"तुह्या बहिनीच्या वक्ताले मी बाहेरच बसलो व्हतो. बाग राखत. आत नही गेलो." त्याने ताट बाजूला सारलं. "तू आत जा. फोन नको करू. सोता जा."

बहिणीबद्दल वडिलांच्या तोंडून भूषणने आजवर एक शब्द ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि बॅग भरली.

आता खरी भीती सुरू झाली. भूषण एकटाच परत आला तर? तोताराम अंगण झाडायचा, झाडलेलं पुन्हा झाडायचा. झाडाचं बारदान आणि धुसा त्याने तसाच ठेवला होता. मेलेल्या झाडाला काय थंडी, हे त्यालाही कळत होतं, पण सोडवत नव्हतं. सकाळी अंगणात आलं की आधी तो तोंडाची वाफ बघायचा. वाफ अजून जाडच होती.

एका सकाळी ऊन अंगणात नुकतं उतरलं होतं आणि वारा बोचत होता, तेव्हा गेटशी रिक्षा थांबली. भूषण उतरला. एकटाच उतरला. तोतारामच्या हातातला खराटा खाली पडला. मग भूषण मागे वळला आणि त्याने रिक्षात हात दिला. त्याचा हात धरून पुनम उतरली, खांद्याशी बाळ घेऊन. बॅग एकच होती, आणि ती लहान होती. तोतारामने ते पाहिलं.

पुनम घरात गेली नाही. सरळ माडापाशी आली. एका हाताने तिने गाठ सोडली, धुसा काढून तोतारामच्या हातात दिला, बारदान खाली सोडलं. मग टाचा उंचावून कापलेल्या जागी उरलेला मधला दांडा धरला आणि वर ओढला. तो जराही अडला नाही. अलगद तिच्या हातात आला, खालचं टोक कुजून काळं पडलेलं. वास तोतारामपर्यंत आला.

"गेलाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. दांडा तिने बुंध्याशी ठेवला, टाकला नाही.

तोताराम मान खाली घालून उभा होता. ती काय बोलेल ते सगळं त्याने मनात आधीच ऐकून ठेवलं होतं.

"नाना."

"हं."

"हिला धरा जरा. माझा हात घाण झालाय."

"मी?" तोताराम एक पाऊल मागे सरला. "नको, पुनम. लय थंडी हाये. माह्याजवळ नको. भूषणजवळ दे."

"भूषणच्या हातात बॅग आहे. धरा ना, नाना."

आणि तिने बाळ त्याच्या हातात दिलंसुद्धा. नको म्हणायला वेळच उरला नाही. त्याने धुसा उलगडून मुलीभोवती गुंडाळला, डोक्यावरून घेतला, पायांखाली खोचला. धुशाला धुराचा वास होता. मुलगी शिंकली. त्याने वाकून कान तिच्या छातीपाशी नेला. श्वास चालू होता, सरळ, बिनघरघरीचा.

पुनम नळाखाली हात धूत होती. "आठवड्यापुरती आलेय, नाना," ती तिकडूनच म्हणाली. "पुढचं पुढे बघू. आमचं दोघांचं बोलणं व्हायचंय अजून."

"बरं," तोताराम म्हणाला.

"पाणी छान कोमट आहे."

"बोअरचं हाये."

हात पुसून ती जवळ आली आणि बाळाला घ्यायला तिने हात पुढे केले. गेट उघडंच राहिलं होतं आणि तिकडून वारा सरळ अंगणात येत होता.

"ऱ्हाऊ दे जरा," तो म्हणाला, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.